सशाचे शिंग आणि सशाचे दात



ज्या व्यासपीठावर राज्यघटना, संतवाङ्मय आणि अर्थकारण यांवर भाषणे होतात, तेथे आज सशाच्या दातांवर व्याख्यान आहे, हे पत्रकावर वाचून आपल्यापैकी काहींना छापखान्याची चूक वाटली असेल. छापखान्याने चूक केलेली नाही. चूक आमच्या घरी झाली होती, आणि तिची कबुली चार लोकांसमोर द्यावी म्हणूनच आम्ही हा विषय चालकांकडून मागून घेतला.

आपल्याकडे सशाच्या एका अवयवाची चर्चा फार प्राचीन काळापासून चालत आलेली आहे, आणि गंमत अशी की तो अवयव सशाला नाहीच! शिंग! जे कधीच असू शकत नाही त्याचा दाखला द्यायचा झाला की आपले तार्किक 'शशशृंग' पुढे करीत. भर्तृहरीने तर नीतिशतकात वाळूतले तेल आणि सशाचे शिंग एकाच श्लोकात आणले, आणि या दोन्हींपेक्षाही हट्टी मूर्खाचे मन वळवणे कठीण, असा निर्वाळा दिला. नसलेल्या शिंगाविषयी इतके बोलणाऱ्या आपण सशाच्या तोंडात जे खरोखर आहे, ते मात्र उघडून पाहिले नाही. आज ते पाहू. वाळू आणि शिंग हे भर्तृहरीचे दोन्ही दाखले वाटेत पुन्हा भेटतील.

आम्ही महाविद्यालयात तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. दर वर्षी फळ्यावर सशाचे दंतसूत्र लिहीत असू. वरच्या जबड्याच्या एका बाजूस पटाशीचे दात २, सुळे ०, उपदाढा ३, दाढा ३. खालच्या जबड्यात त्याच क्रमाने १, ०, २, ३. दोन्ही बाजू धरून एकूण दात २८. मुले ते पाठ करीत, परीक्षेत लिहीत आणि आम्ही गुण देत असू. हे सूत्र ज्याच्या तोंडात जिवंत आहे असा ससा आमच्या घरी आला तो आम्ही निवृत्त झाल्यावर, नातवाच्या सातव्या वाढदिवसाला. पांढरा शुभ्र, ओंजळीत मावणारा. नातवाने त्याचे नाव ठेवले कापूस.

आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी नाक मुरडले आणि आठव्या दिवशी त्याच्यासाठी वेगळी वाटी काढली. त्या वाटीत काय नसे? रात्री भिजत घातलेले हरभरे असत, गाजराचे काप असत, पोळीचा तुकडा असे, दुकानातून आणलेले दाणेदार खाद्य असे, आणि चारच्या चहाला आमच्या बशीतले अर्धे बिस्किट कापसाचे, हा तर घरचा नियमच होता. गॅलरीतला त्याचा पिंजरा लखलखीत असे. गवताने घरभर कचरा होतो, म्हणून गवत तेवढे आम्ही आणीत नव्हतो.

आता या पाहुण्याच्या मुखाकडे वळू. आपल्या माळरानावर दिसणारा ससा निराळा आणि पिंजऱ्यातला निराळा. माळावरचा आपला रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडून पाळण्याचे मनातही आणू नये. घरी पाळतात तो ससा मूळचा स्पेन व पोर्तुगाल या मुलखातला, बिळे खणून राहणारा. दोघांची जात वेगळी असली तरी मुखाची रचना एकाच धाटणीची, आणि ती गवत खाण्यासाठी झालेली आहे, हे आधी मनाशी धरावे.

समोर दिसतात ते पटाशीचे दात. हे नाव आपल्या भाषेने फार समर्पक ठेवले आहे. सुताराच्या पटाशीला एकीकडे धार आणि दुसरीकडे उतार असतो. सशाच्या या दातावर पुढच्या बाजूने एनॅमलचा कठीण थर जाड असतो आणि मागच्या बाजूने अगदी पातळ. त्यामुळे दात झिजताना मागची बाजू लवकर झिजते, पुढची मागे राहते, आणि धार आपोआप कायम राहते. सुताराला पटाशी सहाणेवर घासावी लागते. सशाची पटाशी वापरातच धारदार होते.

वरच्या दोन मोठ्या दातांच्या अगदी मागे आणखी दोन बारीकसे दात दडलेले असतात. खुंट्याच म्हणा. या दोन खुंट्यांनी शास्त्रज्ञांचे वर्गीकरण बदलायला लावले. अठराव्या शतकात लिनियसने सशाला उंदीर आणि खारी यांच्या पंक्तीला बसवले होते, कारण कुरतडण्याची रीत सारखीच दिसते. पण उंदराला वरच्या जबड्यात पटाशीचे दात दोनच, आणि सशाला या खुंट्या धरून चार. असे काही भेद ध्यानात घेऊन १९१२ साली अमेरिकेतील गिडली यांनी सशांचा गण स्वतंत्र मानावा असे प्रतिपादन केले, आणि पुढे तेच मान्य झाले. निरोगी सशाचे तोंड मिटलेले असताना खालच्या दातांची टोके नेमकी या खुंट्यांवर टेकतात. खुंट्या म्हणजे जणू दाराचा अडसर. दात या जागेवरून ढळले की समजावे, दार बिघडले.

यापुढची गोष्ट मुख्य आहे. आपले दात एकदा आले की त्यांची वाढ संपली. किडले तर किडले, पडले तर पडले. सशाचे दात जन्मभर वाढतच राहतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ ते २.५ मिलिमीटर वाढतात. वर्षाचा हिशेब मांडला तर १० ते १३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी वीत! ससा ८-१० वर्षे जगतो. झीज झालीच नाही, तर आठव्या वर्षी दाताची लांबी किती होईल ते आपणच मनाशी मोजावे. जितकी वाढ तितकीच झीज, हा निसर्गाने बांधलेला जमाखर्च आहे, आणि तो रोजच्या रोज जुळवावा लागतो.

आता मागच्या दाढा. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असे आपण म्हणतो. ते सशालाही तितकेच लागू आहे. पुढचे दात कापतात. चर्वण करतात ते उपदाढा आणि दाढा मिळून वरचे १२ आणि खालचे १०. तेही पुढच्या दातांसारखे जन्मभर वाढतात, मात्र वेग मंद असतो. ओठांआड, गालांच्या मागे, तोंडाच्या अरुंद बोगद्यात ते असतात, आणि ससा जांभई देईल तेव्हासुद्धा आपल्याला धड दिसत नाहीत. दुखणे बहुतेक तेथेच सुरू होते.

आमच्या पिढीतील भगिनींना जाते ठाऊक आहे. जात्याची तळी व पाळी एकमेकींवर फिरतात म्हणून दळण होते, आणि गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावून घ्यावी लागते. सशाच्या दाढा म्हणजे असेच जाते. खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी नीट जुळत नाहीत. म्हणून गवत खाताना ससा एका वेळी एका बाजूने, जबडा आडवा सरकवीत चावतो. मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे होतात. या आडव्या घर्षणात दाढांचा सगळा माथा सारखा झिजतो. गवताच्या पात्यात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात, म्हणजे वाळूच्याच जातीचे द्रव्य. उसाच्या पाल्याने हात कापतो, त्यात या कणांचाच वाटा असतो. भर्तृहरीच्या वाळूतून तेल निघत नसेल. सशाच्या गवतातल्या वाळूने दाढांना टाकी मात्र रोज लागते.

आता याच जात्यात हरभरा घाला. हरभरा दाबला की फुटतो; त्याला आडवे घासायला नको. जबडा आडवा फिरायचा सोडून वरखाली होऊ लागतो, आणि तोही थोडाच वेळ, कारण धान्याने पोट लवकर भरते. गवत खाणाऱ्या सशाचे तोंड दिवसातून कित्येक तास चालते. वाटीभर दाणे काही मिनिटांत संपतात. मग दाढांचा माथा मध्ये झिजतो आणि कडा तशाच राहतात. वरच्या दाढांची बाहेरची कड वाढून गालात रुतते, खालच्या दाढांची आतली कड वाढून जिभेत रुतते. काटेच ते! प्रत्येक घासाला जीभ त्या काट्यांवर घासते. ससा खाणे कमी करतो. खाणे कमी झाले की झीज आणखी घटते. झीज घटली की काटे आणखी वाढतात. हे रहाट एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही.

दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपली म्हण आहे. आमच्या कापसाला दात होते आणि चणेही होते. चणे मिळाले म्हणूनच त्याचे दात गेले.

कापूस अडीच वर्षांचा झाला असेल. नातू एके दिवशी म्हणाला, "आजोबा, कापूस रडतोय."

आम्ही वर्तमानपत्रातून डोकेही वर न काढता सांगितले, "बाळ, रडणे माणसाला येते. सशाला येत नाही."

विधान शास्त्रशुद्ध होते. पण मुलाने पाहिले होते आणि आम्ही पाहिले नव्हते. कापसाच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होते. वरच्या दाताचे मूळ हाडात मागे सरकले, की डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची नळी दाबली जाते आणि पाणी गालावरून ओघळते. ही रचना आम्हाला माहीत होती. डोळ्याचे पाणी आणि दाताचे मूळ यांचा मेळ मात्र आम्ही घातला नाही. पुढे त्याची हनुवटी ओली राहू लागली. तो बिस्किट घेई आणि गाजर सोडून देई. आम्ही म्हणालो, लाडावला आहे. तो भरल्या वाटीपाशी येई, घास उचली आणि टाकून देई. लेंड्या बारीक झाल्या. अंग चाटणे बंद झाले आणि पांढऱ्या कापसाची रया गेली. असे तीन आठवडे आम्ही दवडले.

पशुवैद्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय खातो?" सौभाग्यवतींनी मोठ्या कौतुकाने यादी सांगितली. यादी संपली. पशुवैद्य थोडे थांबले, आणि म्हणाले, "आणि गवत?"

त्या एका शब्दापाशी आमची तीस वर्षांची अध्यापकी संपली. क्ष-किरणांच्या चित्रात दाढांची मुळे जबड्याच्या हाडातून खाली उतरलेली दिसत होती. भूल देऊन काटे घासले. कापूस खाऊ लागला. दीड महिन्याने पुन्हा घासावे लागले. तिसऱ्या खेपेला जबड्याखाली गळू झाले होते. सशाचा पू पातळ नसतो, दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट असतो; तो वाहून जात नाही, म्हणून असे गळू बरे होणे फार कठीण. कापूस गेला तेव्हा त्याचे वय तीन वर्षेही पुरे नव्हते, आणि वाटीत भिजवलेले हरभरे तसेच होते. नातवाने आम्हाला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

श्रोतेहो, ही कथा करुणा उपजवण्यासाठी सांगितली नाही. आमच्या घरी क्रूरता नव्हती, उपेक्षाही नव्हती. माया भरपूर होती. पण आपल्या जिभेला जे गोड तेच त्याला हितकर, असे त्या मायेने गृहीत धरले होते. आज किती तरी घरांच्या गॅलरीत असे कापूस आहेत. त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो. त्या आम्ही पशुवैद्यांकडून, उशिरा का होईना, शिकलो.

पहिली गोष्ट खाण्याची. सशाच्या पोटात जाणाऱ्या अन्नापैकी निदान पाचांतले चार हिस्से गवत असावे, ओले वा वाळलेले, आणि ते अष्टौप्रहर समोर असावे. गणपतीला एकवीस दूर्वा वाहणाऱ्या आपल्या समाजाला हरळी कोठे मिळते हे सांगायला नको. मारवेलीसारखे कुरणाचे गवतही चालते. मात्र फवारणी झालेले, रस्त्याकडेचे धुराने माखलेले किंवा पावसाळ्यात बुरशी धरलेले गवत देऊ नये. जोडीला कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला असा थोडा पाला द्यावा. लसूणघास वाढत्या पिलाला चालतो. मोठ्या सशाला तो नित्याचा नको, कारण त्यात कॅल्शियम फार. नावावरून कोणी खरी लसूण घालू नये. लसूण आणि कांदा सशाला बाधतात. दाणेदार खाद्य चमचा-दोन चमचे पुरे. गाजर हे चित्रातल्या सशाचे अन्न आहे. खऱ्या सशाला ते आपल्या पेढ्यासारखे, कधीमधी आणि बोटभर. कोणी म्हणतात, लाकूड चघळायला दिले की झाले. लाकडाने पुढच्या दातांना थोडे काम मिळते. मागच्या दाढांना गवताखेरीज काम देणारे दुसरे काही नाही.

दुसरी गोष्ट पाहण्याची. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखते असे दाखवणारा ससा रानात कोल्ह्याच्या दृष्टीस आधी पडतो. म्हणून दुखणे लपवणे त्याच्या रक्तात आहे. तो ओरडणार नाही. आपणच पाहिले पाहिजे. लेंड्या रोज पाहाव्या. त्या लहान झाल्या वा थांबल्या तर सावध व्हावे. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. ओठ हलकेच वर करून पुढचे दात पाहावे. वरचे किंचित पुढे, खालचे त्यांच्या मागे, असे असले म्हणजे ठीक. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवावे. दोन्ही बाजू सारख्या लागल्या पाहिजेत, एखादा उंचवटा लागला तर ते मूळ आहे असे समजावे. डोळ्यांत पाणी, ओली हनुवटी, पुढच्या पायांची चिकटलेली लव, मागची बाजू घाण राहणे, यांतले एक लक्षण पुरे आहे. सशाला ओकारी होत नाही आणि त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते. १२ तास काही न खाल्लेला ससा उद्यावर ढकलू नये.

तिसरी गोष्ट, घरचे उपाय करू नयेत. वाढलेला दात नेलकटरने किंवा पकडीने कापण्याचा मोह होतो. दात उभा चिरतो, आतली नस उघडी पडते, आणि तेथूनच गळवाला वाट मिळते. पशुवैद्य तो फिरत्या यंत्राने घासतात. दाढांसाठी भूल द्यावी लागते. घरातली गोळीही देऊ नये. पेनिसिलिनच्या कुळातले औषध तोंडावाटे गेले तर आतड्यातले उपकारक जंतू मरतात आणि त्यापायी ससाच दगावू शकतो.

एवढे करूनही काही सशांचे दात बिघडतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोणाला पडल्यामुळे वा पिंजऱ्याचे गज ओढल्यामुळे इजा होते. काही पशुवैद्यांचे मत असे की ऊन आणि कॅल्शियम न मिळाल्याने जबड्याचे हाड मऊ पडते आणि दात हलतात. काही ससे दोष घेऊनच जन्मतात. बाहुलीसारखे चपटे, आखूड तोंड दिसावे म्हणून माणसाने जे बुटके ससे पैदा केले, त्यांच्यात हा दोष विशेष. जबडा आखूड झाला, दात मात्र पूर्वीच्याच वेगाने वाढत राहिले. अशा सशाचे पुढचे दात दर काही आठवड्यांनी घासावे लागतात, किंवा कायमचे काढून टाकतात. ओठांनी चारा ओढून तो पुढे चांगला जगू शकतो. पिल्लू विकत घेताना गोंडस तोंडाकडे पाहण्याआधी ओठ वर करून पाहावे, हा यातला व्यवहार.

आता शेवटी शिंगाकडे. पशुवैद्यांनी आम्हाला एका दुर्लक्षित सशाचे छायाचित्र दाखवले होते. खालचे दोन दात तोंडाबाहेर येऊन नाकाच्याही वर गेले होते, आणि वरचे दोन आत वळून मेंढ्याच्या शिंगासारखे गोल झाले होते. ते पाहताना आम्हाला सारे तार्किक आठवले. सशाला शिंग असते, श्रोतेहो. ते तोंडातून फुटते. आणि ते बहुधा माणसाने पाळलेल्या सशालाच फुटते, कारण रानात गवत त्याला रोज झिजवून टाकते.

कापसानंतर आम्ही ससा आणणार नव्हतो. पण एका कुटुंबाला गाव सोडताना आपली ससुली बरोबर नेता येईना, आणि नातवाने ती घरी आणली. तिला आता सहावे वर्ष आहे. गॅलरीत गवताचा कचरा होतो, घरभर होतो, सौभाग्यवतींच्या पदराला आणि आमच्या वर्तमानपत्रालाही लागतो. रात्री निजानीज झाली की अंधारात तिच्या दाढांचा आवाज ऐकू येतो. पूर्वी आमच्या आजीच्या घरी पहाटे जात्याची घरघर यायची, तसाच तो आवाज, फक्त फार बारीक. तो ऐकू येत आहे तोवर सारे ठीक चालले आहे असे समजून आम्ही झोपी जातो.